घर जागीच, राज्य दुसरे

माझे वडील १९३६ साली जन्मले आणि २०११ साली वारले. ज्या माळवदाखाली जन्मले, त्याच माळवदाखाली त्यांनी डोळे मिटले. पंचाहत्तर वर्षांत त्यांनी घर बदलले नाही, गाव सोडले नाही. तरी त्यांनी चार राज्ये पाहिली. जन्मले तेव्हा निजामाचे राज्य होते. १९४८ साली ते संस्थान भारतात आले आणि हैदराबाद राज्य झाले. १ नोव्हेंबर १९५६ पासून आमचे गाव मुंबई राज्यात आले. १ मे १९६० पासून ते महाराष्ट्रात आहे. जिल्हेही तीन झाले. आधी बिदर, मग उस्मानाबाद, ज्याला आता धाराशिव म्हणतात, आणि १९८२ पासून लातूर.

"आम्ही कुठं गेलो नाही बाबा, राज्यंच आमच्या दारावरून गेली," असे वडील म्हणायचे.

आमचे गाव उदगीर तालुक्यातले. राज्याची हद्द आमच्या शिवारापासून कोसभर आहे. मी मॅट्रिक होऊन मास्तर झालो, पुढे हेडमास्तर झालो. वर्गात नकाशा टांगला की मुले त्या हद्दीच्या रेघेवर बोट फिरवायची आणि विचारायची, "गुरुजी, ही रेघ कोणी काढली?" त्याचे उत्तर मी आज तुम्हांला सांगणार आहे. आणि रेघ काढल्यावर आमच्याकडे काय काय झाले, तेही सांगणार आहे.

आपल्या राज्यघटनेत तिसरे कलम आहे. त्याप्रमाणे नवे राज्य करणे, दोन राज्ये जोडणे, एका राज्याचा मुलूख दुसऱ्याला देणे, हे सारे संसद कायदा करून करू शकते. त्या कायद्याचा मसुदा राष्ट्रपतींच्या शिफारशीवाचून संसदेत मांडता येत नाही. ज्या राज्याची हद्द बदलायची, त्याच्या विधिमंडळाचे म्हणणे आधी मागवावे लागते. म्हणणे मागवतात, पण ते ऐकलेच पाहिजे असे संसदेवर बंधन नाही. आणि ज्या गावाचे राज्य बदलते, त्या गावाला थेट विचारावे, असे तर त्या कलमात कुठेच नाही. मला हे नेहमी थोडे खटकते. पण कायदा आहे तो असा.

स्वातंत्र्य आले तेव्हाची राज्ये कोणी नीट बसून आखलेली नव्हती. इंग्रजांनी जसजसा मुलूख जिंकला तसतसा तो जोडला होता. मध्ये पाचशेहून जास्त संस्थाने होती. एकाच हैदराबाद राज्यात मराठी, कानडी आणि तेलुगू बोलणारे लोक होते, आणि निजामाच्या काळात कचेरीची भाषा होती उर्दू. आमच्या आजोबांना अर्ज करायचा असला तर उदगीरला जाऊन अर्जनवीस गाठावा लागे. अर्जनवीस म्हणजे पैसे घेऊन दुसऱ्याचा अर्ज लिहून देणारा. आजोबा मराठीत सांगत, तो उर्दूत लिही. त्याने काय लिहिले ते आजोबांना कळत नसे, ते खाली अंगठा करीत. आपल्या भाषेचे राज्य असावे, ही मागणी अशा अंगठ्यांतूनही निघाली होती.

तेलुगू लोकांच्या वेगळ्या राज्यासाठी पोट्टी श्रीरामुलु यांनी उपोषण केले. १५ डिसेंबर १९५२ रोजी उपोषणातच त्यांचा अंत झाला. पुढच्या वर्षी, १ ऑक्टोबर १९५३ रोजी, आंध्र राज्य झाले. मग देशभरातून मागण्या येऊ लागल्या. डिसेंबर १९५३ मध्ये सरकारने तीन जणांचा आयोग नेमला. फाजल अली अध्यक्ष, आणि हृदयनाथ कुंझरू व पणिक्कर हे सभासद. त्यांच्याकडे दीड लाखांवर अर्ज आणि कागद आले. शंभरावर ठिकाणी हिंडून त्यांनी नऊ हजारांवर माणसांचे म्हणणे ऐकले. सप्टेंबर १९५५ मध्ये त्यांनी अहवाल दिला. त्यावर १९५६ साली राज्य पुनर्रचनेचा कायदा झाला. पुनर्रचना म्हणजे मोडून पुन्हा नीट बांधणे. त्या कायद्याने देशात १४ राज्ये झाली. आज ती २८ आहेत.

आता आमच्या बिदर जिल्ह्याचे काय झाले ते बघा. आयोगाचे म्हणणे होते की मराठवाडा आणि कानडी जिल्हे काढून घ्यावे, तेलुगू मुलखाचे हैदराबाद राज्य वेगळे ठेवावे, आणि बिदर जिल्हा त्यातच राहू द्यावा. सरकारने आणि संसदेने तसे केले नाही. बिदर जिल्ह्याचे तीन तुकडे झाले. अहमदपूर, निलंगा आणि उदगीर हे मराठी बोलणारे तीन तालुके मुंबई राज्याकडे आले. नारायणखेड तालुका आणि जहीराबादचा बहुतेक भाग आंध्र प्रदेशाकडे गेला. बिदर शहर, भालकी, हुमनाबाद हा भाग म्हैसूर राज्याकडे गेला. त्या राज्याला १९७३ पासून कर्नाटक म्हणतात. कुठे कुठे तर तालुकाही फोडला. शेजारच्या नांदेड जिल्ह्यातल्या देगलूर तालुक्याची बिचकुंदा आणि जुक्कल ही दोन मंडळे आंध्राकडे दिली, बाकीचा तालुका इकडे ठेवला.

तालुक्यात ज्या भाषेचे लोक जास्त, तिकडे तो द्यावा, असा साधारण हिशेब. पण तालुका म्हणजे पोत्यातली एका जातीची ज्वारी नव्हे. कानडी तालुक्यात मराठी गावे होती, मराठी तालुक्यात कानडी वाड्या होत्या. घरात मराठी, बाजारात कानडी आणि कचेरीत उर्दू बोलणारी माणसे तर आमच्याकडे गल्लोगल्ली होती. त्यांना कोणत्या रकान्यात घालायचे?

आता आमच्या गावात १९५६ च्या दिवाळीनंतर जे घडले ते सांगतो. मी तेव्हा जन्मलो नव्हतो. आजोबांकडून आणि वडिलांकडून अनेकदा ऐकले आहे.

माझे आजोबा कूळ होते. कूळ म्हणजे दुसऱ्याची जमीन खंडाने कसणारा. आजोबांकडे नऊ एकर होती. शेजारचे बापू हेही त्याच मालकाचे कूळ, त्यांच्याकडे सात एकर होती. हैदराबाद राज्यात १९५० साली कुळांचा कायदा झाला होता. त्यात जुन्या कुळांना संरक्षित कूळ म्हणून नोंदले होते. त्यांना मालकाला मनाला येईल तेव्हा काढता येत नव्हते. दोघांचीही नावे त्या नोंदीत होती.

नोव्हेंबरात ज्वारी गुडघ्याला आली होती. मालकाचा कारभारी आला आणि पारावर बसून म्हणाला, "आता हैदराबाद राहिलं नाही. राज्य मुंबईचं झालं. हैदराबादचा कायदा मेला, तुमचं कूळही मेलं. ज्वारी काढा आणि पाडव्याला शेत मोकळं करा. सरळ सोडलं तर मालक मजुरीला ठेवतील."

बापू भला माणूस. त्यांना वाटले, खरेच असेल. राजा बदलला की शिक्का बदलतो हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. निजामाचा हाली रुपया पूर्वी चालत असे, सात हालींना सहा कलदार मिळत. तो गेला आणि सरकारी रुपया आला. मग कायदा का जाणार नाही? पाडव्याला त्यांनी औत घरी आणले. लिहून काही दिले नाही, घेतले नाही. तोंडी सोडून दिले. जुन्या पावत्या आजीने चुलीत घातल्या. मेलेल्या सरकारच्या पावत्या ठेवून काय करायचे?

आजोबाही घाबरले होते. पण ते चिवट. पायी उदगीरला गेले, एका वकिलांकडे. वकिलांनी उर्दू कागद वाचून पाहिला आणि विचारले, "तुमचे शेत कुठे गेले का?"

"नाही साहेब, जागीच आहे."

"मग कायदाही जागीच आहे. राज्याची हद्द बदलली म्हणून त्या भागातला कायदा आपोआप बदलत नाही. मुंबईचे विधिमंडळ तो बदलील किंवा रद्द करील, त्या दिवशी तो बदलेल. तोवर हैदराबादचाच कायदा चालणार. घरी जा आणि ज्वारी राखा."

वकिलांनी दोन रुपये घेतले. आजोबा म्हणत, "आयुष्यात इतकी स्वस्त जमीन कोणी घेतली नसेल."

वकील बोलले ते बरोबर होते. १९५६ च्या कायद्यात तसे कलमच आहे. जो कायदा ज्या मुलखात चालू आहे, तो पुढचा कायदा होईपर्यंत तिथे तसाच चालू राहील. कुळाने जमीन सोडायची तर तहसीलदारापुढे ते लेखी कबूल करावे लागे, हेही त्याच जुन्या हैदराबाद कायद्यात होते. बापूंनी असे काहीच केले नव्हते. त्यांना कोणी काढले नव्हते. त्यांना फक्त सांगितले होते. पुढे याच कायद्याखाली आजोबांची नऊ एकर त्यांच्या मालकीची झाली. बापू शेवटपर्यंत मजुरीला गेले.

तुम्हांला वाटेल, ही जुनी गोष्ट झाली. पण तो हैदराबादचा कूळकायदा मराठवाड्यात अजून लागू आहे. त्यात दुरुस्त्या झाल्या, पण कायदा तोच. पश्चिम महाराष्ट्रात आणि कोकणात १९४८ चा मुंबई राज्याचा कूळकायदा चालतो. विदर्भ पूर्वी मध्य प्रदेशात होता, त्याला १९५८ चा तिसराच कायदा. राज्य एक, कूळकायदे तीन. म्हणून साताऱ्याच्या पाहुण्याने कुळाच्या बाबतीत सल्ला दिला, तर तो लातूरच्या शेताला लागू पडेलच असे नाही. जमीन महसुलाचा कायदा मात्र १९६६ साली साऱ्या महाराष्ट्रासाठी एक झाला आणि १५ ऑगस्ट १९६७ पासून लागू झाला. म्हणजे एवढे एक करायलाही दहा वर्षे गेली.

माणसांच्या जिभेला तर त्याहून जास्त वेळ लागला. मुंबई राज्यात तलाठी, आमच्याकडे पटवारी. तिकडे मामलेदार, इकडे तहसीलदार. आमच्या गावात म्हातारी माणसे अजून तलाठ्याला पटवारीच म्हणतात, आणि तलाठीही ओ देतो.

नोकरदारांचीही वाटणी झाली. कोण कोणत्या राज्यात जाणार, पगार काय, सेवेत वरचा कोण आणि खालचा कोण, याची भांडणे पुष्कळ चालली. नोकराच्या सेवेच्या अटी त्याच्या तोट्याच्या होतील अशा बदलू नयेत, बदलायच्या तर आधी केंद्र सरकारची मंजुरी घ्यावी, असे कायद्यातच लिहिले होते. नोकरदारांना हे कलम पाठ होते. कुळांना त्यांचे कलम कोणी वाचून दाखवले नाही.

कोर्टाचे पाहा. पूर्वी आमच्याकडचे अपील हैदराबादच्या हायकोर्टात जाई. उदगीरहून हैदराबाद सुमारे दोनशे किलोमीटर. रात्री गाडीत बसले की सकाळी पोचलो. १९५६ नंतर अपील मुंबईला जाऊ लागले. मुंबई पाचशे किलोमीटरच्या पुढे. राहायचे कुठे, जेवायचे काय, वकील कोण? भाषेने आपली झालेली राजधानी वाटेने लांब गेली. १९८१ साली औरंगाबादला, आताच्या छत्रपती संभाजीनगरला, हायकोर्टाचे खंडपीठ सुरू झाले, तेव्हा कुठे हा हेलपाटा कमी झाला. दुसऱ्या बाजूला हेही सांगितले पाहिजे की तालुक्याच्या कचेरीत मराठीत अर्ज चालू लागला. अर्जनवीस गेला असे नाही, पण तो काय लिहितो ते वाचता येऊ लागले. १९५८ साली मराठवाडा विद्यापीठ निघाले. आमच्या मुलांना पदवीसाठी हैदराबादेत उर्दूशी झुंजावे लागले नाही. मी स्वतः मराठी शाळेत शिकलो आणि मराठी शाळेत शिकवले, ते या रेघेमुळेच. तेव्हा मी तिला नुसती नावे ठेवणार नाही.

पण माझी आत्या रेघेच्या पलीकडे राहिली. तिला भालकी तालुक्यात दिली होती. आमच्या गावाहून दोन कोस. लग्न झाले तेव्हा सासर आणि माहेर एकाच जिल्ह्यात होते. १९५६ नंतर ती म्हैसूर राज्यातली झाली. ती घरी मराठीच बोले. तिच्या मुलांना शाळेत कानडी आले. त्याच १९५६ साली घटनेत एक नवे कलम घातले गेले, की राज्यात ज्यांची भाषा वेगळी आहे अशा लोकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण त्यांच्या मातृभाषेत मिळावे यासाठी राज्याने सोय करावी. त्याप्रमाणे तिकडे मराठी शाळा आहेत. पण चौथीनंतर, सातवीनंतर, नोकरीच्या वेळी कानडी लागतेच. आत्याचा मोठा मुलगा मराठी शाळेत गेला, धाकटा कानडी शाळेत. धाकट्याला तिकडे नोकरी मिळाली. मोठा आमच्याकडे येऊन आडत दुकानात राहिला. दोघेही चांगले आहेत. पण आत्याच्या शेताचा उतारा मोठ्याला वाचता येत नाही, धाकट्याला बोलवावे लागते.

सोयरिकी अजून होतात. तिकडून सून आली की तिला पहिला धक्का दाखल्याच्या वेळी बसतो. अनुसूचित जातींच्या आणि जमातींच्या याद्या राज्यवार असतात. एका राज्यातला दाखला दुसऱ्या राज्यात सवलतीसाठी जसाच्या तसा चालत नाही. दोन कोसांवरून आलेली मुलगी कागदावर परराज्यातली ठरते. लग्न ठरवताना पत्रिका पाहतात. हद्दीवरच्या गावांनी दाखलाही पाहावा, असे मी थट्टेने नाही, मनापासून सांगतो.

मांजरा नदीचेही असेच झाले. ती बीड जिल्ह्यात उगवते, लातूर आणि बिदरमधून जाते, मग तेलुगू मुलखात शिरून गोदावरीला मिळते. हा सारा मुलूख पूर्वी हैदराबाद राज्यातच होता. तिच्यावर १९३१ साली निजामसागर बांधला, तेव्हा वरच्या आणि खालच्या गावांचा धनी एकच होता. १९५६ नंतर त्याच पाण्याला तीन धनी झाले. वर धरण बांधले की खालच्याला धाक, खालच्याने हक्क सांगितला की वरच्याला राग. १९६९ साली गोदावरीच्या पाण्यासाठी लवाद नेमावा लागला. लवाद म्हणजे दोन पक्षांत निवाडा करणारा. त्याचा शेवटचा निवाडा १९८० साली आला. रेघ काढताना भाषा मोजली होती, पाणी मोजले नव्हते.

आगगाडीने मात्र कोणाचे ऐकले नाही. विकाराबादहून बिदर, उदगीर, परळी करीत परभणीला जाणारा लोहमार्ग निजामाच्या वेळचा. तो आज तीन राज्यांतून जातो. बिदरहून उदगीरच्या बाजारला येणाऱ्या बाईला वाटेत कोणी अडवीत नाही. देवणीचा बैल घ्यायला पलीकडचा शेतकरी येतो, तेव्हा तो मराठीत भाव करतो आणि सोबतच्या माणसाशी कानडीत कुजबुजतो.

रेघ पक्की झाली असे अजूनही म्हणता येत नाही. बेळगाव, कारवार, बिदर आणि गुलबर्गा या जिल्ह्यांतली मराठी गावे महाराष्ट्राला मिळावीत, अशी आपल्या राज्याची मागणी आहे. त्यात भालकीकडची गावेही येतात. तालुका न धरता गाव धरावे, हा त्यातला मुख्य मुद्दा. आंध्र आणि मद्रास यांनी तसे केले होते. ह. वि. पाटसकर यांनी मध्यस्थी केली आणि १९६० साली दोघांनी गावे वाटून घेतली. आपल्याकडे महाजन आयोगाने १९६७ साली अहवाल दिला, तो महाराष्ट्राला मान्य झाला नाही. २००४ साली महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा लावला. आत्या १९९८ साली गेली, नाहीतर तिने विचारले असते, "मग आता मी कुठली रे?"

आणि जिल्ह्याचा तिसरा तुकडा, नारायणखेड आणि जहीराबाद, त्याचे राज्य आणखी एकदा बदलले. २ जून २०१४ रोजी आंध्र प्रदेशातून तेलंगण निघाले. आयोगाने १९५५ साली जे सुचवले होते, त्याच्या जवळपासचे काही एकोणसाठ वर्षांनी झाले. तेव्हा पुन्हा तेच सुरू झाले. नोकरदार वाटले, पाणी वाटले, गाड्यांच्या पाट्यांवरची अक्षरे बदलली. हैदराबाद दहा वर्षांपर्यंत दोन्ही राज्यांची राजधानी ठरली, म्हणजे निघालेल्या भावाला बिऱ्हाड करायला वेळ दिला. आमच्या वेळी एवढा विचार झाला नव्हता.

आता कागदांची गोष्ट. राज्य वाटले तेव्हा दप्तरेही वाटली, पण सगळी आली नाहीत. बरीच हैदराबादेतच राहिली. २०२३ साली कुणबी नोंदी शोधण्यासाठी महाराष्ट्र सरकारने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली. ती समिती निजामाच्या वेळचे कागद पाहायला हैदराबादला गेली. हद्द बदलून तेव्हा सदुसष्ट वर्षे झाली होती.

गावोगावचा एक कागद मात्र तुम्हांला तहसील कचेरीत बहुधा मिळेल. त्याला खासरा पत्रक म्हणतात. ते १९५४-५५ सालचे आहे. त्यात मालक, कसणारा अशी नावे आहेत. त्यावर साल फसली असते. फसली सालात ५९० मिळवले की आपले साल निघते. म्हणजे १३६४ असे दिसले तर १३६४ आणि ५९० मिळून १९५४. लोक माझ्याकडे असे कागद वाचायला घेऊन येतात. चष्मा पुसतो आणि वाचून देतो.

मागच्या उन्हाळ्यात बापूंचा नातू आला. लातूरला रिक्षा चालवतो. मुलाच्या दाखल्यासाठी जुन्या नोंदी शोधत होता, त्यात त्याला आमच्या गावच्या खासरा पत्रकाची नक्कल मिळाली होती. मी बोट धरून ओळीवरून नेले. साल १३६४. सात एकर. मालकाचे नाव. पुढच्या रकान्यात, कसणारा म्हणून, बापूंचे नाव स्वच्छ लिहिलेले होते. नातवाने ते पुन्हा एकदा स्वतः अक्षर जुळवून वाचले. त्या शेतात आता कोणाकोणाची घरे उभी आहेत. त्याने कागदाची घडी घातली, खिशात ठेवली आणि विचारले, "काका, हा कागद त्यांनी कधी पाहिलाच नव्हता का?"

"पाहिला असेल," मी म्हणालो. "पण त्यांना वाचता येत नव्हते."